भुसा, बुरशी आणि प्लास्टिक

मागच्या महिन्यात ओपीडी संपत आली असताना एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. दोघंही माझ्या ओळखीचे. २०२१च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, या बाईंना म्युकरमायकोसिस झाला होता. मधुमेह आधीपासून होताच, त्यात स्टेरॉइडमुळे रक्तातली साखर चारशेच्या वर गेली होती. बुरशी सायनसमधून डोळ्यापर्यंत पोहोचली. उजवा डोळा काढावा लागला, पण जीव वाचला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी त्या साखर तपासायला येतात. पती एका सॉ मिलमध्ये पंचवीस वर्षं काम करतात. तपासणी आटोपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, थे बुरशी आमच्या भुशात बी रायते का जी?"

"राहते," मी म्हणालो. खोटं कशाला सांगायचं? म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरश्या मातीत, कुजणाऱ्या पाल्यात, ओल्या भुशात, शिळ्या पावावर सगळीकडे असतात. त्यांचे बीजाणू आपण सगळेच श्वासातून आत घेत असतो आणि बहुतेकांना काहीही होत नाही. त्यांची भीती थोडी कमी व्हावी म्हणून मी पुढे म्हणालो, "भाऊ, याच बुरशीकडून लाकडाच्या भुशापासून प्लास्टिकचा कच्चा माल करून घ्यायचे प्रयोग चालू आहेत." ते हसले. म्हणाले, "मंग आमच्या भुशाले भाव येईन का?"

ते गेले, पण दोन्ही प्रश्न माझ्या डोक्यात राहिले. आजचा लेख म्हणजे त्या प्रश्नांना दिलेलं जरा सविस्तर उत्तर.

बुरशीला हवी साखर

त्या लाटेत 'काळी बुरशी' हे नाव घरोघरी पोहोचलं. खरं तर ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांमध्ये शिरते, रक्तपुरवठा बंद पडतो आणि तिथला भाग मरून काळा पडतो. आपल्याकडे हा आजार करणाऱ्यांमध्ये ऱ्हायझोपस अरायझस या बुरशीचा वाटा सर्वांत मोठा आहे. जुन्या पुस्तकांत आणि उद्योगांत तिलाच ऱ्हायझोपस ओरायझी म्हणतात. तिला साखर आवडते. मधुमेह आटोक्यात नसला की रक्तात साखर मुबलक असते. रक्तातली आम्लता वाढली तर प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोहही सुटं होतं आणि तेही बुरशीच्या पथ्यावर पडतं. प्रतिकारशक्ती ढासळलेली असली की तिला रान मोकळं मिळतं.

आता हीच बुरशी शरीराबाहेर पाहू. एका टाकीत साखरेचं पाणी, थोडा नायट्रोजन, थोडे क्षार आणि हवा देऊन तिला वाढवली, तर ती साखर खाते आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते. दह्यात असतं तेच हे आम्ल, फक्त दह्यात ते जिवाणू बनवतात. या आम्लाचे रेणू एकमेकांना जोडत गेलं की पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए नावाचं प्लास्टिक तयार होतं. थ्रीडी प्रिंटरमधली तार, काही कंपन्यांचे पेले आणि चमचे त्याचेच असतात. शस्त्रक्रियेत आम्ही जो आपोआप विरघळणारा टाक्यांचा धागा वापरतो, त्यातल्या काही प्रकारांतही लॅक्टिक आम्लाचा अंश असतो. म्हणजे ज्या आजारात आम्ही रुग्णाची जखम शिवत होतो, तो आजार करणारी बुरशी त्या धाग्यातला एक घटक बनवू शकते.

प्लास्टिकचा घटक म्हणजे काय, हे समजायला माळ डोळ्यांसमोर आणा. प्लास्टिक ही लांबलचक माळ आहे आणि तिच्यातला एकेक मणी म्हणजे घटक. आज जगात दरवर्षी ४० कोटी टनांच्या आसपास प्लास्टिक तयार होतं. त्यातले बहुतेक सगळे मणी खनिज तेल आणि नैसर्गिक वायूतून येतात. वनस्पतींपासून बनणाऱ्या प्लास्टिकचा वाटा अजून एक टक्क्याच्याही आत आहे. बुरशी माळ ओवत नाही. ती मणी बनवून देते. माळ ओवायचं काम पुढे कारखान्यात होतं.

शंभर वर्षांची ओळख

बुरशीला कामाला लावणं ही कल्पना नवी नाही. लिंबू सरबताच्या पावडरीत, जॅममध्ये, थंड पेयांत जे सायट्रिक आम्ल असतं, ते एके काळी इटलीतल्या लिंबांपासून काढलं जायचं. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अॅस्परजिलस नायजर ही कांद्यावर दिसणारी काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक आम्ल बनवते. दोनच वर्षांत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फायझर कंपनीने त्या पद्धतीने उत्पादन सुरू केलं. बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवण्याचा तो अनुभव दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन बनवताना कामी आला.

तिची चुलत बहीण अॅस्परजिलस टेरियस. हिच्याशी आम्हा डॉक्टरांचं नातं तिहेरी आहे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात ती फुप्फुसाचा गंभीर संसर्ग करते आणि म्युकरच्या काळात ज्याच्यासाठी नातेवाईक गावोगाव फिरले, ते अॅम्फोटेरिसिन औषध तिच्यावर नीट चालत नाही. दुसरीकडे कोलेस्टेरॉल कमी करणारं लोव्हास्टॅटिन हे औषध याच बुरशीतून मिळालं. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ते पहिलं स्टॅटिन. तिसरं नातं इटाकोनिक आम्लाचं. १९३०च्या दशकात जपानमध्ये किनोशिता यांना एका अॅस्परजिलस बुरशीत हे आम्ल सापडलं. पुढे टेरियस त्यात जास्त हुशार निघाली आणि १९५०च्या दशकापासून तिच्याकडून कारखान्यात ते बनवून घेतलं जाऊ लागलं.

इटाकोनिक आम्ल हा प्लास्टिकच्या माळेतला उपयोगी मणी आहे. रंग, कागदावरचा लेप, गालिच्यांच्या मागचा चिकट थर, पाणी शोषून घेणारे पदार्थ अशा अनेक ठिकाणी तो ओवला जातो. सरकारी रुग्णालयातल्या दंत विभागात दाढेत जे पांढरं ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात, त्याच्या द्रवातही बहुधा इटाकोनिक आम्ल जोडलेलं पॉलिमर असतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने वनस्पतींच्या साखरेपासून बनवता येतील अशा बारा पायाभूत रसायनांची यादी केली, तिच्यात इटाकोनिक आम्ल होतं.

आणखी एक गंमत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं की आपल्या शरीरातल्या मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशीही इटाकोनिक आम्ल बनवतात आणि त्याने जिवाणूंच्या वाढीला अटकाव होतो. बुरशीने शोधलेली युक्ती आपल्याही पेशींना ठाऊक होती. आपल्याला मात्र ती उशिरा कळली.

लाकूड म्हणजे कुलूपबंद साखर

आजवर या टाक्यांत घातली जाते ती उसाची किंवा मक्याची साखर. म्हणजे प्लास्टिकसाठी शेत, पाणी आणि खत लागतं. म्हणून संशोधकांचं लक्ष जंगलाकडे गेलं. फिनलंड, स्वीडन, कॅनडा या देशांत लाकूड आणि कागदाचा उद्योग प्रचंड आहे. ओंडके कापल्यावर भुसा, साली, ढलप्या, फांद्यांचे शेंडे मागे उरतात. कागदाच्या लगद्याच्या कारखान्यातून साखरयुक्त सांडपाणी निघतं. फिनलंडने १९७०च्या दशकातच 'पेकिलो' नावाच्या प्रक्रियेत या सांडपाण्यावर बुरशी वाढवून जनावरांसाठी प्रथिनयुक्त खाद्य बनवलं होतं. तेव्हा बुरशीलाच खाद्य केलं, आता तिच्याकडून रसायन हवं आहे.

अडचण अशी की लाकडातली साखर कुलूपबंद असते. सिमेंट काँक्रीटचा खांब आठवा. त्यात लोखंडी सळ्या असतात, सळ्या बांधणारी तार असते आणि वर सिमेंट असतं. लाकडात सळ्यांच्या जागी सेल्युलोज, तारेच्या जागी हेमिसेल्युलोज आणि सिमेंटच्या जागी लिग्निन. पहिली दोन म्हणजे साखरेच्याच साखळ्या. कोरड्या लाकडाच्या वजनात त्यांचा वाटा साधारण दोन तृतीयांश. पण लिग्निनच्या वेष्टनामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचणं कठीण. म्हणूनच लाकडी दरवाजा वर्षानुवर्षं टिकतो.

हे कुलूप उघडायला आधी भुशावर दाबाखालची वाफ सोडून किंवा सौम्य आम्लाने तो सैल करतात. मग लागते किल्ली, आणि ती किल्लीही बुरशीचीच. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. कारण शोधताना एक बुरशी सापडली, जी कापसातलं सेल्युलोज फस्त करत होती. सैन्याच्या प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा अभ्यास केला. आज तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसी आहे. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपले पाचक रस, म्हणजे एन्झाइम, शरीराबाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि तयार साखर आत ओढून घेते. ट्रायकोडर्माचे हे पाचक रस आता कारखान्यात बनतात आणि भुशातल्या सेल्युलोजची साखर करतात. ती साखर मग ऱ्हायझोपस किंवा टेरियसच्या टाकीत जाते. एक बुरशी कुलूप उघडते, दुसरी मणी घडवते.

ऐकायला सोपं वाटतं, पण इथे खाचखळगे बरेच आहेत. लाकूड तापवताना फुरफुरालसारखे पदार्थ तयार होतात आणि ॲसेटिक आम्ल सुटतं. ही बुरशीसाठी विषं. लाकडातून मँगनीज येतं आणि टेरियस त्याला इतकी संवेदनशील आहे की अगदी थोडं मँगनीज असलं तरी इटाकोनिक आम्ल घटतं. म्हणून लाकडाची साखर आधी स्वच्छ करावी लागते आणि तिथे खर्च वाढतो. शिवाय हेमिसेल्युलोजमधून झायलोज नावाची वेगळी साखर मिळते, ती प्रत्येक सूक्ष्मजीव खात नाही. ऱ्हायझोपस खाते, म्हणून तिच्याकडे आशेने पाहिलं जातं. पण टाकीत तिच्या तंतूंचा गुंता होतो, गोळे बनतात आणि हवा आतपर्यंत पोहोचत नाही.

यावर उपाय म्हणून जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी युस्टिलागो मेडिस या बुरशीवर काम केलं आहे. नाव अनोळखी वाटेल, पण मक्याच्या कणसावर राखाडी गाठी येतात ती काणी म्हणजे हीच. आपल्याकडे काणी आली की शेतकरी कपाळाला हात लावतो, मेक्सिकोत मात्र ती चवीने खातात. टाकीत ती यीस्टसारखी सुट्या पेशींनी वाढते, गुंता करत नाही, अशुद्ध साखरेलाही कमी घाबरते आणि इटाकोनिक आम्ल बनवते.

उरलं लिग्निन. लाकडाचा सुमारे पाव भाग. जंगलात ओंडक्यांवर छत्र्यांसारख्या उगवणाऱ्या काही अळंब्या लाकूड पांढरं आणि मऊ करून टाकतात. लिग्निनचं सिमेंट फोडणं त्यांना जमतं. त्या ते फक्त फोडून बाजूला सारतात की खातातही, हा जुना प्रश्न होता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की अशा दोन अळंब्या लिग्निनच्या तुकड्यांतला कार्बन आपल्या शरीरात सामावून घेतात. याचा अर्थ असा की उद्या लिग्निनपासूनही मणी बनवता येण्याचा मार्ग शोधता येईल. सध्या कागद कारखाने ते जाळून वाफ आणि वीज मिळवतात.

डॉक्टरचे तीन प्रश्न

नवं औषध आलं की आम्ही विचारतो, फायदा कोणाला, अपाय काय, पर्याय काय. तसंच इथेही विचारायला हवं.

पहिला प्रश्न, हे प्लास्टिक आपोआप कुजतं का? जंगलातून आलं म्हणजे जंगलात विरघळेल असं नाही. मणी कुठून आला यापेक्षा माळ कशी ओवली, यावर ते ठरतं. इटाकोनिक आम्लाचा मणी एखाद्या टिकाऊ रंगात गेला, तर तो रंग टिकाऊच राहील. पीएलए कुजतं, पण त्यासाठी सुमारे ६० अंश तापमानाचा, ओलावा राखलेला खतप्रकल्प लागतो. नाल्यात फेकलेला पीएलएचा पेला पावसाळ्यात तसाच तुंबून राहणार. शरीरात धागा विरघळतो, कारण तो बारीक असतो, त्याची रचना त्यासाठीच केलेली असते आणि भोवती सतत कोमट द्रव असतो. तेव्हा 'जैविक' शब्द वाचून पिशवी फेकायची मोकळीक घेऊ नका.

दुसरा प्रश्न, जंगलातला कचरा खरंच कचरा आहे का? पडलेला ओंडका ही कीटकांची, पक्ष्यांची, अळंब्यांची वस्ती असते. त्यातूनच माती तयार होते. आपल्याकडे तर पालापाचोळा आणि फांद्या क्वचितच बेवारस असतात. कोकणात त्यांचा राब भाजतात, विदर्भातल्या गावांत त्या चुलीत जातात. सॉ मिलचा भुसा वीटभट्टी, बॉयलर, अगरबत्ती, कोंबड्यांच्या शेडपर्यंत पोहोचतो. उद्या कारखाना भुसा विकत घेऊ लागला, तर आज तो वापरणाऱ्यांनी काय करायचं, हे आधी ठरायला हवं. जंगलात जमिनीवर पडलेलं लाकूड जमिनीलाच राहू द्यावं आणि कारखान्याच्या अंगणात साठलेलं तेवढं वापरावं, ही मर्यादा मला योग्य वाटते.

तिसरा प्रश्न माझ्या विषयाचा, काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांचं काय? स्वीडनमधल्या सॉ मिलमध्ये बुरशी आलेलं लाकूड कापणाऱ्या कामगारांना ताप, खोकला आणि दम लागणं असा त्रास होत असे. 'वुड ट्रिमर्स डिसीज' या नावाने तो वैद्यकीय ग्रंथांत नोंदला गेला. त्याला कारणीभूत बीजाणूंमध्ये ऱ्हायझोपसचे बीजाणू होते. हा संसर्ग नव्हे. बीजाणू वारंवार श्वासात गेल्याने फुप्फुसात उठणारी ती अॅलर्जीची दाहक प्रतिक्रिया असते. ब्रिटनमध्ये सायट्रिक आम्लाच्या उत्पादनात काम करणाऱ्या काही जणांना बुरशीच्या अॅलर्जीमुळे दमा झाल्याची नोंद आहे. बंद टाकीतली बुरशी कोणाला त्रास देत नाही. धोका असतो तो उघड्यावर भिजून बुरसटलेल्या ढिगाऱ्यात आणि टाक्या साफ करताना. असा उद्योग आपल्या भागात आला, तर ढिगाऱ्यावर छप्पर, हवा खेळती, चांगला मास्क आणि वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणी या गोष्टी कागदावर नव्हे, कामाच्या जागी दिसल्या पाहिजेत.

आपण कुठे आहोत

आपल्याकडे पाया नाही असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे उपयोगी बुरश्या जपून ठेवल्या जातात आणि संशोधकांना पुरवल्या जातात. पुण्याजवळ जेजुरीला २०२४ मध्ये जैविक प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनासाठी 'बायोई३' धोरण मंजूर केलं. मात्र आज तरी साखरेपासून किंवा स्टार्चपासून आम्ल बनवणं स्वस्त पडतं. भुशापासूनचा रस्ता लांब आहे आणि खनिज तेल स्वस्त झालं की तो आणखी लांब वाटू लागतो.

परवा ते गृहस्थ एकटेच आले. खोकला होता. कामावर असताना वाढतो, रविवारी कमी होतो, असं म्हणाले. मी छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची तपासणी लिहून दिली. भुसा झाडताना साधा रुमाल बांधू नका, नीट बसणारा मास्क लावा, ओला ढीग फावड्याने उपसायची वेळ आली तर मालकाला सांगून आधी दारं-खिडक्या उघडा, असं सांगितलं. बाईंची साखर आटोक्यात राहिली तर तुमच्या कपड्यांवरून घरी आलेल्या बुरशीला घाबरायचं कारण नाही, हेही सांगितलं. भुसा मात्र बाहेरच झटका, अंघोळ करून मग जेवायला बसा.

जाता जाता त्यांना भावाचं पुन्हा आठवलं. मी खरं तेच सांगितलं. तुमच्या भुशाला या कारणाने भाव यायला अजून वेळ आहे, तोवर फुप्फुसं सांभाळा. ते म्हणाले, "पोरगा बारावीले आहे साहेब, सायन्स घेतलं त्यानं. त्याले सांगतो, भुशातच काम कर म्हनून, पन प्रयोगशाळेतल्या."